कर्णिकबाईंची थोरली लेन्स

कर्णिकबाई उन्हात चालायला लागल्या की आधी आपली सावली बघायच्या. माणूस घराबाहेर पडताना खिसा चाचपतो ना, तसं. सावली पुढे पडत असली तर दोन पावलं बाजूला व्हायच्या, मागे पडत असली तर मग सरळ चालायच्या. आमच्या ओट्यावर टेकायच्या आधीसुद्धा एकदा वळून बघणार, आपली सावली कुणाच्या ताटात नाही ना, कुणाच्या अंगावर नाही ना. आमची हिरा, म्हणजे माझी बायको, पहिल्या वेळी घाबरलीच. मला आत बोलावून म्हणाली, या बाईच्या मागं कायतरी लागलंय.

मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहायची सवय नाही. पण बाई इथून गेल्यापासून मोरव्यात लोक काहीबाही बोलतात. कुणी म्हणतं त्या मिठागराची जागा बघायला यायच्या, कुणी म्हणतं सरकारी मोजणीवाल्या होत्या. खोटं बोललेलं मला ऐकवत नाही, आणि बाईंना या गावात माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. हिरा ओळखते, पण ती लिहिणार नाही. म्हणून मी लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या असू देत. त्या काढायचं काम बाईंचं होतं.

आमचे मिठाचे दोन वाफे अजून चालू आहेत. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या मागे, खाडीच्या अंगाला. वाफा म्हणजे भाताच्या खाचरासारखाच चौकोन, चारी बाजूंनी मातीचा बांध, फक्त भाताच्या जागी खारं पाणी. ऊन पाणी पितं, मीठ मागे राहतं. माझ्या बापाच्या वेळेला नजर पोचेल तिथवर वाफे होते. आता नजर पोचेल तिथवर टॉवर आहेत. त्यातल्याच एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर बाई राहायला आल्या. एकट्या. गिरगावातली जुनी चाळ पाडली, तेव्हा त्यांनी इकडे घर घेतलं.

खिडकीतून त्यांना आमचे वाफे दिसायचे. उन्हाळ्यात एके दिवशी खाली उतरून थेट बांधावर आल्या. पांढरे केस, खांद्याला शबनम, पायात कॅनव्हासचे बूट. हिरा मिठाचा ढीग लावत होती. बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, एक दाणा द्याल का, बघायचाय.

हिराने मूठभर मीठ घेतलं आणि त्यांच्या हातावर न देता बांधावरच्या एका दगडावर ठेवलं.

बाईंचा हात तसाच पुढे राहिला. चेहरा पडला. म्हणाल्या, "माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला कायव न्हाय," हिरा म्हणाली. "हातात मीठ द्यावाचं न्हाय, बाय. भांडन व्हतं."

बाईंनी दगडाकडे बघितलं, हिराकडे बघितलं, मग आपली सावली बघून खाली बसल्या. म्हणाल्या, "मग राहू दे खालीच. भांडायला मला पुष्कळ माणसं आहेत. तुम्ही नको."

तिथून त्या दोघींचं जमलं.

मग त्यांनी शबनममधून एक गोल भिंग काढलं आणि एक दाणा उचलून इतका वेळ बघितला की माझी चिडचिड झाली. म्हटलं, मीठ आहे ते बाई, खायचं असतं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता उत्तर दिलं, "लांबून सगळं मीठच असतं, हरिभाऊ." माझं नाव त्यांना कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. हिरानेच सांगितलं असणार.

ते भिंग त्यांच्या नोकरीचं होतं. जन्मभर त्या एका छापखान्यात पुस्तकं छापायच्या आधी तपासायच्या. काना चुकला, मात्रा चुकली, की खूण करायची. त्या सांगायच्या, "सगळं आयुष्य लोकांच्या चुका जवळून बघण्यात गेलं. आता जिथे चूक नाही असं काहीतरी जवळून बघायचंय." म्हणून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला होता. पण माणसांचे, देवळांचे फोटो त्या काढायच्या नाहीत. मुंगी, कोळी, शेवग्याच्या शेंगेवरचा हिरवा किडा, खाडीच्या चिखलातला एका नांगीचा खेकडा, असलं. सावली अंगावर पडली की ही मंडळी पळतात, त्या सावली बघायच्या सवयीचं मूळ तेच. आणि या सगळ्यांशी त्या अहो-जाहोने बोलायच्या. आमच्या शेवग्याखाली मान वर करून उभ्या, आणि तोंडाने, "अहो, जरा थांबा. इकडे बघा. झालंच." बांधावरून जाणारे थांबून बघायचे. मला लाज वाटायची. हिरा मात्र एकदा मुंगीला झाडताना "व्हा बाजूला" म्हणाली, तेव्हा मला कळलं, हा रोग पसरतोय.

सवय मात्र जात नव्हती. स्टेशनकडे जाताना एका फरसाणवाल्याच्या पाटीवर चूक होती. बाई दर वेळी त्याला सांगायच्या. तो काउंटरमागून हात जोडायचा, "आंटी, ग्राहक को तो समझता है ना." बाई म्हणायच्या, "ग्राहक को समझता है, मेरे को दुखता है." शेवटी त्याने पाटी बदलली. नव्या पाटीत दुसरी चूक होती. बाईंनी त्याचे पेढे आणून आम्हाला वाटले, म्हणाल्या, प्रयत्नाचे मार्क.

आता फुलाचं सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मिठाच्या वाफ्यात पाणी चांगलं पिकलं, म्हणजे आटून दाट खारं झालं, की दुपार व्हायच्या आधी, खाडीवरून वारा सुटायच्या आधी, थोडा वेळ सगळं निवांत असतं. त्या वेळात पाण्यावर बारीक पांढरे कण धरतात आणि तरंगत राहतात. त्याला आम्ही फूल म्हणतो. फूल राहू दिलं तर पाण्यावर पापडी धरते, खालचं मीठ भुसभुशीत राहतं, त्याला दाणा येत नाही. म्हणून लांब दांड्याची फळी घेऊन वाफा फिरवून काढायचा. फुलं मोडतात, तळाला बसतात, दाणा जाड होतो. माझ्या बापाने जन्मभर हेच केलं, मीही तेच केलं. फूल मोडता येतं तोच मिठागरातला माणूस.

बाई एकदा नेमक्या त्या वेळी आल्या. मी फळी ओढत होतो. पाण्यावर वाकून त्यांनी भिंग धरलं. फूल बुडालं. दुसऱ्यावर धरलं. तेही बुडालं. त्यांचा श्वास पाण्याला लागत होता आणि डोक्याची सावली पडत होती. पण बुडायच्या आधी क्षणभर त्यांना काहीतरी दिसलं. त्या मागे सरकून बांधावर बसून राहिल्या. मी विचारलं, काय होतं? म्हणाल्या, "पायऱ्या. पायऱ्या होत्या हरिभाऊ, खाली उतरत गेलेल्या. इतक्याशा दाण्यात."

मला वाटलं ऊन लागलं. हिराने ताक आणलं.

ताकाचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होतं, तांदूळ निवडताना फिरतं तसं. तांदूळ काही नव्हते. हिराकडे चहा घेताना त्या नेहमी मोठ्या पेल्यात अर्धाच चहा मागायच्या, त्याचं कारण तेव्हा कळलं. मी बघतोय ते बाईंना दिसलं. लपवलं नाही त्यांनी.

"वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणतात," त्या म्हणाल्या. "यंदाचा उन्हाळा हात माझं ऐकेल. पुढच्या उन्हाळ्याचं कुणी बोलत नाही. तेवढ्यात मला त्या फुलाचा फोटो काढायचाय."

एवढं बोलल्या आणि ताक संपवलं. पुन्हा कधी त्यावर रडगाणं नाही.

दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, कॅमेरा घेऊन. मी वसईला गेलो होतो कामाला. परत येऊन बघतो तर बाई बांधावर बसलेल्या आणि हिरा डोळ्याला पदर लावून. पाहुणी येणार, तिचा फोटो निघणार, म्हणून हिराने सकाळपासून दोन्ही वाफे फळीने फिरवून, बांध लिंपून, लख्ख करून ठेवले होते. अंगण झाडतात तसे. एक फूल शिल्लक नव्हतं.

"बाय, मना वाटलं कचरा दिसंल," हिरा म्हणत होती.

बाई तिची पाठ थोपटत होत्या. "अगं, माझ्यासाठी इतकं कुणी घासून-पुसून ठेवलं नव्हतं आजवर." आणि खरोखरच त्यांनी त्या रिकाम्या वाफ्याचा एक फोटो काढला. त्या पाण्यात हिरा उलटी उभी दिसते, हातात फळी. तो आमच्या कपाटात आहे. माणसाचा म्हणावा असा त्यांनी काढलेला तेवढाच.

त्यानंतर माझ्या दोन वाफ्यांतला एक मी फुलासाठी सोडला. सोडला म्हणजे, फळी फिरवायची ती बाई जाईपर्यंत थांबायचं. चुलत भाऊ हसला. म्हणाला, हरी, म्हातारपणी फुलं लावायला लागलास. मी म्हटलं, माझा वाफा आहे, मी त्यात हत्ती बांधीन.

बाईंच्या कॅमेऱ्याला जी लेन्स होती तिने मुंगीपर्यंत काम भागायचं. फुलासाठी वेगळी लागते. ती निवडायला त्या फोर्टातल्या दुकानात गेल्या आणि मला बरोबर नेलं. का नेलं, तर म्हणाल्या, "दुकानदार मला फसवायला लागला तर तुम्ही नुसते बघा त्याच्याकडे." मी नुसता बघत उभा राहिलो.

दुकानाच्या मालकाने विचारलं, आंटी, किसका फोटो निकालना है? फ्लावर? ज्वेलरी?

"नमक का," बाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

मग त्याने काचेवर तीन लेन्स मांडल्या. आकडे होते त्यांना, साठ, शंभर, एकशेऐंशी. मी त्यांना धाकटी, मधली आणि थोरली म्हणत आलो आणि पुढे बाईही तसंच म्हणायला लागल्या. बाईंनी मला समजावलं ते असं. तिन्ही दाणा सारखाच मोठा दाखवतात. फरक अंतराचा. धाकटीला दाण्यापासून चार बोटांवर जावं लागतं, मधली वीतभर मागे राहून बघते आणि थोरली त्याहून मागे, जवळपास हातभर. धाकटी हलकी, थोरली भरलेल्या तांब्याएवढी जड.

मालक म्हणाला, सोचना क्या है, सौवाली लो. सब वही लेते हैं.

"सब क्या निकालते हैं?"

"सब? फूल, अंगूठी, तितली."

"मेरा वाला बुडता है," बाई म्हणाल्या. हिंदीत बुडणं काय म्हणतात ते त्यांना आठवेना, म्हणून हाताने दाखवलं. मालकाला वाटलं लेन्स पाण्यात पडणार आहे. त्याने तिन्ही मागे ओढल्या. शेवटी त्याचं वॉटरप्रूफचं सांगून झालं, विम्याचं सांगून झालं, मग बाईंनी काचेवर बोटाच्या टोकाने एक फूल काढलं, त्यावर फुंकर मारली आणि बोट खाली नेलं. माणूस हुशार होता, कळलं त्याला. म्हणाला, तर मग विकत घेऊ नका, भाड्याने एकेक घेऊन जा, जी तुमच्या नमकाला चालेल ती घ्या.

धाकटी पहिली आली. बाईंनी तोंडाला ओढणी बांधली, श्वास धरला, पालथ्या पडून कॅमेरा पाण्यावर नेला. चेहरा लाल झाला. हिरा शेजारी उभी राहून स्वतःही श्वास धरत होती. पण चार बोटांवर गेल्यावर श्वासाचं काय घेऊन बसलात, लेन्सचीच काळी सावली फुलावर. ऊन गेलं की दाणा मेल्यासारखा दिसायचा, आणि कॅमेऱ्याचं टोक पाण्याला पुसटसं टेकलं की संपलंच. बाई म्हणायच्या, "जवळ जावं, पण अंगावर जाऊ नये. हिला ते कळत नाही." धाकटी परत गेली.

मधली गुणी होती. तिने फूल बुडू दिलं नाही. शिवाय तिच्या पोटात काहीतरी यंत्र होतं, हात हलला तर सावरणारं. मला वाटलं, झालं काम. पण बाईंनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला, तर ताक सांडल्यासारखं पांढरं. कारण असं की इतक्या जवळून बघायचं तर नजर केसभर जागेवरच बसते. हात डावी-उजवीकडे हलला तर ते यंत्र सावरून घेतं. पुढे-मागे हलला तर फूल त्या केसभर जागेतून निसटतं. आणि बाईंचा हात कुणाला विचारून हलत नव्हता.

तीन पायांची घोडी आणून बघितली. बांध ओला, पाय रुतायचे. आणि घोडी रोवून, मान वाकडी करून बघेपर्यंत फूल सरकून पलीकडे गेलेलं. पाण्यावरचं फूल ते, एका जागी थांबायला ते काय खुंटीला बांधलंय?

बाई रोज यायच्या. रोज ताक घ्यायच्या. पेला आता हिरा भरतानाच अर्धा भरायची, कुणी मागायच्या आधी. एक दिवस बाईंच्या हातून लेन्सचं झाकण वाफ्यात पडलं. ते काढायला त्या वाकल्या, तर बोटांत धरता येईना. मी काढून दिलं. त्यांनी पुसलं, जागेवर बसवायला गेल्या, ते तिथे बसेना. मी दुसरीकडे बघत राहिलो. मला दुसरीकडे बघता येतं, फक्त दुकानदाराकडेच बघता येतं असं नाही.

थोरली आली तेव्हा वैशाख सरत आला होता. खाडीवरचा वारा लवकर फिरायला लागला होता, फुलाची वेळ आकसत चालली होती. थोरली बाईंना उचलूनच धरता येईना. त्यांनी ती पालथ्या टोपलीवर ठेवून बघितली. बांबू करकरायचा, आणि टोपली हलवायला गेलं की बांधाची माती पाण्यात ढासळायची. दिवस गेले. भाड्याची मुदत संपून थोरली दुसऱ्या दिवशी परत जायची होती.

त्या दिवशी फुलं मात्र अशी धरली होती, की मी माझ्या हयातीत तशी क्वचित बघितली. सगळ्या वाफ्यावर. पाणी काचेसारखं. बाई टोपलीमागे गुडघ्यांवर बसलेल्या, आणि हात असा थरथरत होता की टोपली वाजत होती. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि नुसत्या बसल्या. मला राग आला. बाईंचा नाही. त्या फुलाचा. जन्मभर मोडलं, कधी अडलं नाही, आणि आता एवढा भाव खातंय. म्हटलं, आहे तरी काय याच्यात, बघू. आणि मी सरळ बांधावर पालथा झालो, हनुवटी मातीला लावून, पाण्याच्या अंगाला.

फूल वरून बघितलं होतं मी, उभं राहून, हातात फळी घेऊन. त्याच्या उंचीवर जाऊन कधी बघितलं नव्हतं. माझे डोळे म्हातारे, पायऱ्या काही दिसल्या नाहीत. पण उन्हात ते पेटल्यासारखं होतं आणि पाण्याला त्याच्याभोवती जरासा खळगा पडला होता. मूल झोपलं की गोधडीला पडतो तसा.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं.

बाईंनी थोरली माझ्या खांद्यावर ठेवली होती. विचारलं नाही. मीही हललो नाही. त्यांचा हात थरथरत होता तो मला पाठीत कळत होता, दूरवर रेल्वे गेली की घराच्या जमिनीत कळतं तसा. मग तो माझ्या अंगात उतरत गेला आणि उतरून थांबला.

"तोंड पलीकडे करा हरिभाऊ," त्या हळू म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत श्वास सोडू नका."

मी तोंड पलीकडे केलं. बांधावरून चुलत भाऊ येत होता. त्याने बघितलं, मी पालथा आणि बाई माझ्यावर कॅमेरा रोखून. त्याने लांबून विचारलं, हरी, चक्कर आली काय? मला उत्तर देता येईना. हिराने ओठांवर बोट ठेवून त्याला तिथेच थांबवलं. कॅमेऱ्याचा आवाज आला. परत आला. माझी छाती फुटायला आली होती, पण मी काही बाईंच्या आधी श्वास सोडणार नव्हतो.

"सोडा," बाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी एकदमच सोडला. फूल बुडालं. वारा पण सुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोर्टात गेलो. बाईंनी थोरली परत द्यायच्या ऐवजी विकतच घेतली. मालक म्हणाला, आंटी, ये भारी है, आपके हाथ से नहीं होगा, ट्रायपॉड लगेगा.

"है ना," बाई म्हणाल्या. "मोरवा में रहता है."

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी दुसरीकडे बघितलं.

तो फोटो मोठा करून, काचेत बसवून, बाईंनी हिराला दिला. देवांच्या शेजारी लावलाय. येणाराजाणारा विचारतो, ही विहीर कुठली? कारण दिसतं तसंच, चौकोनी, चारी बाजूंनी पायऱ्या आत उतरत गेलेल्या, तळाशी प्रकाश. मोरव्याचा एक शिकलेला माणूस तर गुजरातेतल्या एका गावाचं नाव घेऊन, आपण तिथे जाऊन आलोय असं सांगून गेला. हिरा सगळ्यांचं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "आमचं मीठ हाय त्ये."

बाईंना मात्र त्या फोटोत एक चूक दिसायची. डाव्या अंगाला खालची एक पायरी धूसर आहे. मी म्हटलं, तिथे माझा श्वास हलला असेल. बाई म्हणाल्या, नाही, ती माझी आहे, राहू दे. जन्मभरात त्यांनी राहू दिलेली ती पहिलीच असेल.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या थंडीत थोरलीने माझ्या खांद्यावर बसून पुष्कळ काय काय बघितलं. शेवग्याखालचा कोळी बघितला, बांधावरच्या मुंग्यांची अंडी बघितली. गावाला सवय झाली. मी वाकून बसलेला दिसलो की लोक विचारायचे, आज काय? मी बोलायचो नाही, कारण बहुतेक वेळा माझा श्वास धरलेला असायचा.

पण हात आपल्या गतीने जात होता. पुढचा उन्हाळा तोंडावर आला तोवर माझ्या खांद्यालाही तो आवरेना. एक दिवस बाईंनी थोरली खांद्यावरून उचलून घेतली, पुसली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "हरिभाऊ, उठा आता. कंबर दुखेल." थोरली त्यांनी त्यांच्याच इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलीला दिली. ती खारफुटीतले किडे बघते. तिला घोडी विकत घ्यावी लागली.

नाशिकहून भाची आली, बाईंना न्यायला. एकटीने राहायचे दिवस संपले होते. जायच्या दिवशी सकाळी बाई बांधावर आल्या. कॅमेरा नाही, शबनम नाही. भाची रिक्षा घेऊन रस्त्यावर थांबली होती. बाईंनी सावली बघितली, मागे पडत होती. मग बांधावर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले आणि पाण्याकडे बघत राहिल्या. फुलं धरायला लागली होती. मी फळी उचलली नाही. हिराही जागची हलली नाही. किती वेळ गेला, बघितलं नाही. बाईंनी बराच वेळ श्वास धरला होता एवढं मला इथून कळत होतं. ते मला कळतं आता.

वारा आला तशा त्या उठल्या.

हिराने त्यांच्यासाठी स्टीलचा डबा भरून ठेवला होता. फुलाचं मीठ. तीन दिवस चहाच्या गाळणीने पाण्यावरून फुलं वेचत होती ती. आमच्यात ते मीठ कुणी वेचत नाही, त्याला दाणा नसतो. तिने डबा नेहमीसारखा रिक्षाच्या सीटवर, बाईंच्या शेजारी ठेवला. बाईंनी उचलायला हात पुढे केला. बोटं डब्याला लागत होती, धरत नव्हती. एकदा सरकला, दोनदा सरकला. भाची म्हणाली, मावशी, मी घेते. बाई म्हणाल्या, थांब.

तेव्हा हिराने डबा उचलला. बाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन त्यांत डबा ठेवला आणि वरून बोटं मिटवली.

बाईंनी वर बघितलं. "हिराबाई, हातात दिलंत."

"दिलं," हिरा म्हणाली. "आता भांडन व्हनार. भांडाया परत या."

बाई हसल्या. डबा छातीशी धरला आणि मागे टेकून बसल्या. जाता जाता एवढं केलं, रिक्षातून वाकून बघितलं, आपली सावली हिराच्या पायांवर पडत नाही ना.

रिक्षा अजून सुरू व्हायची होती, तरी डब्याचं झाकण वाजत होतं.

"रस्ता खराब हाय," हिरा मला म्हणाली.

मी म्हटलं, हो, फार खराब आहे.